मागच्या गाडीचा ब्रेक

सुगी संपली की रामपायलीच्या परिसरातील धान ट्रॉल्यांतून वारासिवनी-बालाघाटच्या वाटेस लागते. ट्रॅक्टरच्या शक्तीचे कौतुक आपण सर्वच करतो. परंतु मागच्या ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक आहे काय, हे किती जण पाहतात? तो नसल्यास उतारावर सारा भार ट्रॅक्टरला पुढे लोटतो, ट्रॉली आडवी वळते, आणि चालकाच्या जिवावर बेतते.

अमेरिकेत मोटार ओढून नेणाऱ्या दोन चाकी ओढगाडीस विजेचे ब्रेक लावतात. पुढील गाडीतून १२ व्होल्टचा प्रवाह येताच विद्युत्‌चुंबक फिरत्या ड्रमास चिकटून ओढला जातो व तरफेने ब्रेक दाबतो. त्याचा जोर चालकाला ठरविता येतो. चाके जखडून घसरू लागल्यास तो कमी करावा. भार बदलल्यास मोकळ्या जागी पुन्हा पारखावा. गाडी सुटलीच, तर ताणलेली तार कळ ओढते व ओढगाडीवरची बॅटरी ब्रेक लावते.

ही सोय नसेल तेथे भार बेताचा ठेवावा, साखळी बांधावी, ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडले जोडावी आणि उतारापूर्वीच खालचा गिअर घालावा. माल भरून देणारे आपणच. म्हणून ही काळजीही आपलीच होय, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.