नागपूर : कडीकुलपापासून गुढीपाडव्यापर्यंत

तारखा
- ११ मार्च २०२० : शहरात पहिला कोरोनाबाधित आढळला.
- २० मार्च : मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसह नागपुरातही अत्यावश्यक सेवा वगळून व्यवहार बंद ठेवण्याची घोषणा. देशभर लॉकडाऊन २५ मार्चपासून.
- एप्रिल : सतरंजीपुरा, मोमिनपुरा प्रतिबंधित क्षेत्र. गल्लीच्या तोंडाशी बांबू-पत्र्यांचे अडथळे.
- १५ मार्च २०२१ : दुसऱ्या लाटेत शहरात पुन्हा कडक टाळेबंदी.
- एप्रिल : राज्यभर ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध. किराणा, भाजी, दूध सकाळी ७ ते ११. लग्न दोन तासांत, २५ माणसांत.
- ७ जून : निर्बंध सैल करण्याची पाच स्तरांची पद्धत. नागपूर पहिल्या, म्हणजे सर्वांत सैल स्तरात.
- २ एप्रिल २०२२ : गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले.

शब्दांतला फरक
- जमावबंदी : पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई.
- संचारबंदी : कारणाशिवाय घराबाहेर पडण्यासच मनाई.
- विलगीकरण : बाधिताला वेगळे ठेवणे.
- अलगीकरण : संपर्कात आलेल्या, पण आजार सिद्ध न झालेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे; सुरुवातीला मुदत १४ दिवस. घरीच राहायचे असल्यास डाव्या हाताच्या पंजामागे शिक्का मारला जाई.

कायदे
या निर्बंधांचा आधार : साथरोग कायदा, १८९७ (मुंबईतल्या प्लेगनंतरचा) आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५.

चुकलेले सोहळे
- २०२० मध्ये दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा झाला नाही.
- २०२० आणि २०२१ ची विधिमंडळाची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. नागपुरात परतली डिसेंबर २०२२ मध्ये.