अंधारातील अन्नछत्र

तोंड नाही, जठर नाही, आतडे नाही; तरीही दीड-दोन मीटर लांब वाढणारा प्राणी जगतो कशावर? १९८० च्या सुमारास या प्रश्नाने प्राणिशास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकले होते.

हा प्राणी आढळला १९७७ मध्ये. पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २५०० मीटर खोलीवर ‘अल्विन’ या पाणबुडीतून भूवैज्ञानिक उष्ण झऱ्यांचा शोध घेत होते. झरे सापडले, पण त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे आणि पांढऱ्या नळ्यांतून लाल तुरे बाहेर काढणारे कृमी यांची वसाहतही दृष्टीस पडली. सूर्यकिरण जेथे कधीच पोहोचत नाही, तेथे हे सारे नांदत होते. अशी अपेक्षा कोणालाच नसल्यामुळे मोहिमेत जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता! वर आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडताच हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी पसरली. उत्तर त्या दुर्गंधीतच दडलेले होते.

ते ओळखले एका विद्यार्थिनीने. स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स हार्वर्ड विद्यापीठात या कृमीविषयी व्याख्यान देत होते. कृमीच्या देहातील स्पंजासारख्या ऊतकात गंधकाचे स्फटिक आढळतात, असे त्यांनी ओघात सांगितले. ते ऐकताच श्रोत्यांतून कॉलीन कॅव्हानॉ उठून उभ्या राहिल्या आणि या ऊतकात गंधकावर जगणारे जीवाणू असलेच पाहिजेत, असे त्यांनी ठामपणे मांडले. जोन्स यांच्याकडून नमुने मिळवून त्यांनी ते सिद्धही केले. १९८१ मध्ये त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या ऊतकाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जीवाणू वस्ती करून असतात.

हे जीवाणू करतात काय? हायड्रोजन सल्फाइडचा प्राणवायूशी संयोग घडवून ते त्याचे प्रथम गंधकात आणि पुढे सल्फेटमध्ये रूपांतर करतात. मधल्या टप्प्यातील गंधक पेशीत कणरूपाने साठवता येते. जणू अडीअडचणीची शिदोरीच. या क्रियेत मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि त्यावरच यजमान कृमीचेही पोषण होते. गंधकाच्या झऱ्यांतील जीवाणूंमध्ये असे रूपांतर होते, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८७ मध्येच दाखवले होते. मात्र एक अख्खी वसाहत त्यावर पोसली जात असेल, याची कल्पना तेव्हा कोणाला आली नसावी.

कृमीही आयता बसून खात नाही. हायड्रोजन सल्फाइड हे वस्तुतः जहाल विष. पेशींची प्राणवायू वापरण्याची शक्तीच ते हिरावून घेते. परंतु या कृमीच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू आणि सल्फाइड यांना वेगवेगळ्या जागी धरून ठेवते. त्यामुळे विष पेशींना न बाधता जीवाणूंपर्यंत पोहोचते. तुऱ्याचा लाल रंग याच हिमोग्लोबिनचा.

ही सृष्टी सूर्यापासून सर्वस्वी मुक्त आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. गंधकाच्या रूपांतरासाठी लागणारा प्राणवायू वरच्या, सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या वनस्पतींनीच निर्माण केलेला असतो.

आणि या अन्नछत्राला शाश्वतीही नाही. गॅलापागोसजवळच १९७९ मध्ये सापडलेली ‘रोझ गार्डन’ ही समृद्ध वसाहत पाहण्यासाठी शास्त्रज्ञ २००२ मध्ये पुन्हा खाली उतरले, तेव्हा तेथे ताज्या लाव्ह्याचा थर पसरलेला होता. जवळच एका नव्या झऱ्याशी कोवळे कृमी मूळ धरू लागले होते. त्या जागेला ‘रोझबड’ हे नाव मिळाले.

अशा कोवळ्या कृमीत जन्मतः एकही जीवाणू नसतो. सभोवतालच्या पाण्यातले जीवाणू त्याच्या त्वचेतून आत शिरतात आणि मगच ते ऊतक घडते. कृमी मरतो, तेव्हा त्यांतील काही जीवाणू जिवंतपणी पुन्हा समुद्रात परततात.