उपवासकाळातील पदयात्रा: रोमची स्थानके आणि गोवा वेल्हाचे संत

कॅथलिक ख्रिस्ती समाजात राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे, मधले रविवार वगळून येणारे 40 दिवस उपवासकाळ म्हणून पाळले जातात. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे सर्वपरिचित आहेत. पायी चालत चर्चदर्शनाला जाणे हे त्याचे तितकेच जुने, परंतु दुर्लक्षित राहिलेले अंग होय.

प्राचीन रोममध्ये या काळात दररोज एका ठरलेल्या चर्चमध्ये पोप, म्हणजे त्या शहराचे बिशप, मिस्सा अर्पण करीत आणि त्या चर्चला त्या दिवसाचे ‘स्थानक’ म्हणत. भाविक आधी जवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये जमत आणि संतांच्या नावांची आळवणी करीत मिरवणुकीने स्थानकाकडे जात. पहिले स्थानक म्हणजे अॅव्हेंटाइन टेकडीवरील पाचव्या शतकातील सांता साबिना. पोप पहिले ग्रेगरी (590-604) यांनी या क्रमाला शिस्त लावली, तर पोप दुसरे ग्रेगरी (715-731) यांनी तोवर मोकळे राहिलेले गुरुवारही त्यात गोवले. हुतात्म्यांच्या स्मृतिस्थानांभोवती वाढलेल्या वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरलेल्या भाविकांना एकमेकांच्या दारी नेणारी ही योजना असल्याने तिच्यामुळे अवघे शहर एकच धर्मग्राम ठरत असे. 1309 ते 1377 या काळात पोपपीठ आव्हिन्यों येथे असताना ही प्रथा क्षीण झाली.

सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी रोममधील सात प्रमुख चर्चेसची पदयात्रा लोकप्रिय केली. उपवासकाळाच्या तोंडावर कार्निव्हलचा धुडगूस चाले, त्याच दिवसांत ते तरुणांना घेऊन सुमारे 20 किलोमीटर चालत. वाटेत भजने होत आणि एका बागेत पाव, चीज, अंडी व द्राक्षरस अशी शिदोरी सर्वांना वाटली जाई. याउलट, ज्यांना जेरुसलेमला जाणे अशक्य होते, त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन संघाने येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातील टप्प्यांचे स्मरण करणारी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती रुजवली. पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 मध्ये तिची स्थाने 14 अशी निश्चित केल्यावर ही यात्रा एकाच चर्चच्या भिंतींत सामावली.

फ्रान्सिस्कन परंपरेचाच एक निराळा आविष्कार गोव्यात आढळतो. जुवारी नदीकाठचे गोवा वेल्हा हे कदंबांच्या राजधानीचे स्थान असून, मांडवीकाठच्या ओल्ड गोव्याहून ते वेगळे आहे. तेथील सेंट अँड्र्यू चर्चमधून उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, आणि कोकणीत तिला ‘सांतांचो पुर्सांव’ म्हणतात. तिचे मूळ पिलारच्या फ्रान्सिस्कन मठात आणि ‘तिसऱ्या संघा’त, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसचे व्रत पाळणाऱ्या गृहस्थांच्या संघटनेत आहे. पोर्तुगीज सरकारने 1830च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केल्यावर खंडित झालेली ही प्रथा पुढे सेंट अँड्र्यू चर्चने पुनरुज्जीवित केली. खांद्यांवरून वाहिलेल्या मखरांतील या मूर्तींमुळे रोममधला क्रम येथे उलटतो, कारण तेथे भाविक संतांकडे जात, तर येथे संतच रस्त्यावर येतात. देहू-आळंदीहून निघणाऱ्या पादुकांच्या पालख्या पाहिलेल्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटणार नाही.

मात्र अशा पदयात्रा सगळीकडे शक्य नसतात; उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील धारूरच्या परिसरात रोमसारखी जुन्या चर्चेसची साखळी नाही. अशा ठिकाणी चौदा स्थानांची आटोपशीर वाटच भाविकांच्या आवाक्यातली ठरते. उपवासकाळाची यात्रा कोणते रूप घेईल, हे धर्माज्ञेइतकेच गावाच्या नकाशावर अवलंबून असते, असाच निष्कर्ष या सर्व रूपांवरून निघतो.