गाणें कोणाचें ?

विद्येचें धन चोरास नेतां येत नाहीं आणि दिल्यानें तें वाढतें, असें आपल्या सुभाषितकारांनीं सांगून ठेविलें आहे. आम्हीं तीस-पस्तीस वर्षें वर्गांत हाच पाठ दिला. परंतु गाण्याची फाईल या नव्या वस्तूनें त्या जुन्या वचनाची मोठीच परीक्षा मांडिली आहे. फाईल दुसऱ्यास दिली तरी देणाऱ्यापाशीं ती जशीच्या तशी राहते, व क्षणांत एकीच्या हजार होतात. दिल्यानें ती वाढली खरी. पण ज्याच्या गळ्यांतून आणि ज्याच्या लेखणींतून ती उत्पन्न झाली, त्याच्या घरीं यांतून काय पोंचलें? तरुण मंडळी म्हणतात, कलेस कुलूप नको. कलावंत म्हणतात, आमच्या कष्टांचें मोल द्या. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार शांतपणें करणें अवश्य आहे.

आम्ही कळंब्याचे रहिवासी. कोल्हापूर शहर आम्हांस हाकेच्या अंतरावर. या विषयावर बोलण्याचा कोल्हापुरास विशेष अधिकार आहे. गायन समाज देवल क्लब ही येथील संस्था १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या आश्रयानें खांसाहेब अल्लादिया खां येथें राहिले, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथें रुजली. खांसाहेब १९४६ मध्यें निवर्तले. त्यांच्या गळ्याची एकहि ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. त्या काळीं विद्या गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत जात असे, आणि तिचें मोल राजाश्रय, गुरुदक्षिणा व वर्षानुवर्षांची सेवा या रूपांनीं चुकतें होई. विद्या दिल्यानें वाढत होती, पण ती फुकट नव्हती, ही गोष्ट आपण विसरतों. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवी १९७७ मध्यें व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींतून अंतराळांत गेली. गुरूचा स्वर लोपला आणि शिष्येचा तारांगणांत पोंचला. हा फरक ध्वनिमुद्रणानें केला.

मात्र तबकडीबरोबर हक्काचे वांटेकरी वाढले. गीत लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा, गाणारा तिसरा आणि खर्च करणारी कंपनी चौथी. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यांत गाणाऱ्यास हक्कच नव्हता. १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मोबदला घेऊन चित्रपटासाठीं रचलेल्या गीत-संगीताचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, निर्माता होय. त्याच वेळीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं गायकास कायद्यांत स्थान नसल्याबद्दल खंत नोंदविली. १९४५ पर्यंत जिची उमेदवारी कोल्हापुरांतच चालली होती, त्या लता मंगेशकरांनीं गायकांना स्वामित्वधन मिळावें म्हणून १९६० नंतरच्या वर्षांत आग्रह धरिला होता. कायद्यास मात्र फार उशिरां जाग आली. गायक-वादकांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनें आला; आणि २०१२ च्या दुरुस्तीनें, चित्रगृहांतील प्रदर्शन वगळतां, गीतकार व संगीतकार यांचा समान वांटा असा पक्का झाला कीं, वारस वा हक्कसंस्था यांखेरीज इतर कोणास त्यांनीं तो लिहून दिला तरी तें लिहिणें व्यर्थ.

हा हक्क अनंत काळचा नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. कवि जगदीश खेबुडकर हे कोल्हापूरचे आणि पेशानें आमच्यासारखेच शिक्षक. १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटांतील त्यांच्या गीतांचेंच उदाहरण घेऊं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें, म्हणजे २०३२ अखेर चालेल. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षें. खेबुडकर २०११ मध्यें निवर्तले, म्हणून तो २०७१ अखेरपर्यंत राहील. एकाच गाण्यास अशीं दोन घड्याळें आहेत. उलट, स्वातंत्र्यापूर्वीं निघालेल्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क केव्हांच संपला आहे. शिवाय स्वतःच्या अभ्यासासाठीं केलेला उचित उपयोग, शिकवितांना गुरु-विद्यार्थ्यांनीं केलेला उपयोग, इतकेंच नव्हे तर लग्नाच्या वरातींतील वाद्यवादनहि कायद्यानें मोकळें ठेविलें आहे. लोक समजतात तितका हा कायदा कृपण नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाचें ऐकूं. जुन्या मैफलींचीं कित्येक ध्वनिमुद्रणें आज ऐकावयास मिळतात तीं हौशी संग्राहकांच्या कृपेनें. त्यांनीं फिती जपल्या, एकमेकांस दिल्या, आणि कोणत्याहि कंपनीस ज्यांत लाभ दिसला नाहीं असें गाणें मरूं दिलें नाहीं. अशांस चोर म्हणणें हा शुद्ध कृतघ्नपणा होईल. ज्या गांवीं गुरु नाहीं, तेथील मुलीस मोबाईल हाच तानपुरा व हाच गुरु. पण संग्राहकाच्या या ढालीआड भलतेच लोक लपतात. २०१६ मध्यें ‘सैराट’ चित्रगृहांत चालला असतांनाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलमधून फिरत होत्या. तेथें कोणत्या लोपणाऱ्या विद्येचें रक्षण होत होतें ? दुर्मिळ वस्तु जपणें निराळें, आणि खिडकीवर तिकीट मिळत असतां भिंतीवरून उडी मारणें निराळें.

शिक्षेचा विचार केला म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षें कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालयास शिक्षा कमी करतां येते. तथापि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें ठरविलें. मध्यवर्ती कारागृहाच्या गांवांत राहणाऱ्या आम्हांस त्या शब्दांचें वजन थोडें अधिक जाणवतें. फ्रान्सनें २००९ मध्यें निराळी वाट धरिली : दोनदां ताकीद, आणि तिसऱ्या वेळीं घरचें इंटरनेटच बंद. तेथील घटना परिषदेनें लगेच बजाविलें कीं, इंटरनेट हें विचारस्वातंत्र्याचें साधन आहे. तें तोडण्याचा अधिकार कचेरीस देतां येणार नाहीं, न्यायाधीशच तें ठरवील. पुढें २०१३ मध्यें ती शिक्षाच रद्द झाली.

ही शिक्षा आमच्या एकत्र कुटुंबांत कशी उतरली असती, याची कल्पना करावी. घरांत बारा माणसें आणि जोडणी एक. धाकट्या पुतण्यानें रात्रीं चित्रपट उतरवून घेतला. सकाळीं थोरलीचा परीक्षेचा अर्ज अडला, वहिनींची नोकरीची बैठक बुडाली, आणि आजोबांचे निवृत्तिवेतनाचे कागद राहिले. एकाच्या अपराधाचें प्रायश्चित्त साऱ्या घरानें घेणें कोणत्या धर्मशास्त्रांत बसतें ? केरळ उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें इंटरनेटचा लाभ हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानिला. २०२० मध्यें काश्मीरच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें इंटरनेटवरून विचार मांडणें व व्यवसाय करणें यांस घटनेचें संरक्षण आहे असें सांगितलें. २०१२ मध्यें मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशावरून कंपन्यांनीं संपूर्ण संकेतस्थळें बंद केलीं, तेव्हां न्यायालयास खुलासा करावा लागला कीं, चोरटी प्रत जेथें असेल तेवढाच पत्ता रोखावा.

आमच्या कळंब्याच्या तलावाचें पाणी कोल्हापूर शहर पुष्कळ वर्षें प्यालें. पाणी सर्वांचें खरें. पण बांध राखणाऱ्यास वेतन द्यावेंच लागतें, नाहीं तर एक दिवस बांधहि नाहीं आणि पाणीहि नाहीं. बांध फोडून पाणी विकणाऱ्यास शासन जरूर करावें. तहानलेल्याची घागर मात्र फोडूं नये. चोरट्या प्रतींवर जाहिरातींचा पैसा मिळविणारे धंदेवाले हे कायद्याचें खरें लक्ष्य असले पाहिजेत, शिकणारीं मुलें नव्हेत. कंपन्यांनींहि कलावंताच्या वांट्याचा हिशेब उघडा करावा. तो झांकून ठेवून श्रोत्यास नीति शिकविणें शोभत नाहीं.

राहतां राहिला गृहस्थांचा प्रश्न. वाड्यांत सकाळीं भूपाळी, दुपारीं नाट्यगीत आणि रात्रीं भजन लावणाऱ्या घरानें महिन्याच्या किराणामालाच्या यादींत गाण्यासाठीं एक लहानशी रक्कम धरावी. शक्य तेव्हां तिकीट काढून मैफलीस जावें व मुलांस न्यावें. साथीदारांचीं नांवें त्यांना विचारावीं. फाईल पुढें पाठविण्यापूर्वीं, हें गाणें कोणाचें, एवढा प्रश्न मुलांनीं मनाशीं करावा. ही संवय घरांत लागली म्हणजे ताकिदीची पाळी बहुधा येणार नाहीं.