न पाहिलेल्या नदीचे मोल

टास्मानियाच्या जलविद्युत आयोगाच्या नोकरीत ओलेगास त्रुखानस नावाचे एक गृहस्थ होते. काम कारकुनी स्वरूपाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वावटळीत लिथुआनियातून निर्वासित झालेले त्रुखानस १९४८ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील या बेटावर येऊन स्थायिक झाले होते. सुटी लागली, की पाठीवर तंबू, शिधा आणि कॅमेरा घेऊन ते बेटाच्या नैर्ऋत्येकडील निर्जन प्रदेशात शिरत. १९७१ साली होबार्ट शहराच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी पेडर सरोवराच्या रंगीत स्लाइड संगीताच्या साथीने दाखविल्या, तेव्हा सभागृह अपुरे पडले. ज्या सरोवराची चित्रे पाहून नागरिक थक्क होत होते, ते सरोवर बुडविण्याची योजना मात्र त्रुखानस यांना वेतन देणाऱ्या आयोगाचीच होती. नोकरदार माणसाला असा पेच अपरिचित नाही. तो इतक्या निःशब्दपणे सोडविणारे मात्र थोडे.

रानावनात तंबू ठोकून राहणे आणि निसर्गाची छायाचित्रे घेणे हा सुखवस्तूंचा छंद आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु टास्मानियाच्या या कोपऱ्यात या छंदाने एका सरकारच्या योजनेला आव्हान दिले, एका सार्वत्रिक निवडणुकीत आपला ठसा उमटविला आणि अर्थशास्त्रापुढेही एक अवघड प्रश्न उभा केला. म्हणून त्याचा विचार छंद म्हणून न करता सार्वजनिक व्यवहार म्हणून करणे उचित ठरेल.

हा प्रदेश कसा आहे? दक्षिण गोलार्धातील चाळीस अंश अक्षांशापलीकडचे बेफाम पश्चिमी वारे येथे प्रथम आदळतात. पाऊस वर्षभर पडतो, उन्हाळ्यातही अवचित हिमवर्षाव होतो. गवताळ दलदलीतून झिरपणारे पाणी चहाच्या रंगाचे असते. नदीकाठी ह्यूऑन पाइन हा वृक्ष वाढतो. त्याच्या खोडाचा व्यास वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि त्याचे आयुष्य दोन हजार वर्षांहूनही अधिक असू शकते. अशा मुलखात पंधरा-पंधरा दिवस भिजलेल्या तंबूत राहावयाचे, धुके विरळ होण्याची वाट पाहावयाची आणि हाती लागलेली मोजकी चित्रे घेऊन परतावयाचे, हे काम हौसेपेक्षा तपश्चर्येच्या अधिक जवळचे आहे.

त्रुखानस यांच्या वाट्याला तर ही तपश्चर्या दोनदा आली. ७ फेब्रुवारी १९६७ रोजी होबार्टच्या परिसरात भीषण वणवा पेटला. त्या आपत्तीत बासष्ट माणसे मृत्युमुखी पडली. त्रुखानस यांचे घर जळाले आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे जमविलेला छायाचित्रांचा संग्रहही भस्मसात झाला. त्याच वर्षी पेडरच्या राष्ट्रीय उद्यानाला १९५५ साली दिलेले संरक्षण काढून घेण्यात आले. तेव्हा त्यांनी पुन्हा पाठीवर ओझे घेतले आणि पाहिलेली स्थळे नव्याने टिपावयास आरंभ केला. ६ जानेवारी १९७२ रोजी, गॉर्डन नदीची हरवलेली चित्रे पुन्हा घेण्यासाठी गेले असता, त्याच नदीत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचा मृतदेह ज्याला सापडला, तो पीटर डोंब्रोवस्किस हा तरुण त्यांचाच शिष्य होता. निर्वासितांच्या छावणीत, जर्मनीत, १९४५ साली जन्मलेला, लाटव्हियन आईबापांचा मुलगा.

त्याच वर्षी पेडर सरोवर बुडाले. गुलाबी छटेच्या शुभ्र वाळूचा त्याचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा किनारा पंधरा मीटर पाण्याखाली गेला. मूळचे सुमारे दहा चौरस किलोमीटरचे सरोवर आता दोनशे चाळीस चौरस किलोमीटरांचा जलाशय झाले. नाव मात्र तेच ठेवण्यात आले. सरकारी कागदपत्रांतील अशी नामसाधर्म्ये कित्येकदा मूळ प्रश्नच पुसून टाकतात.

पेडरचा बचाव का फसला? चळवळ दुबळी होती, हे एक उत्तर झाले. पण अधिक खरे उत्तर आयोगाच्या ताळेबंदात आहे. त्या ताळेबंदाच्या एका बाजूला किलोवॅट, कारखाने, रोजगार आणि स्वस्त वीज असे आकडे होते. दुसऱ्या बाजूला सौंदर्य हा एकच शब्द होता आणि त्याच्यापुढे आकडा नव्हता. जेथे आकडा नसतो तेथे हिशेबनीस शून्य धरतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाणी आणि हिरा यांचा जो विरोधाभास शिकविला जातो, त्याचीच ही आवृत्ती: उपयुक्तता अमाप, पण बाजारात भाव नाही. सरोवर कोणी विकीत नव्हते, म्हणून त्याला किंमत नव्हती. आणि किंमत नव्हती म्हणून त्याला मूल्यही नाही, असे गृहीत धरले गेले.

योगायोग असा, की होबार्टच्या वणव्याच्या त्याच वर्षी, १९६७ मध्ये, जॉन क्रुटिला या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन साधे, परंतु दूरगामी होते. अलौकिक निसर्गस्थळाचे मूल्य केवळ तेथे जाणाऱ्यांच्या खिशातून निघणाऱ्या पैशावरून ठरत नाही. जो मनुष्य तेथे कधीच जाणार नाही, त्यालाही ते स्थळ अस्तित्वात आहे या जाणिवेचे समाधान असते, आणि त्यासाठी काही त्याग करण्याची त्याची तयारी असते. याला पुढे अस्तित्वमूल्य म्हणू लागले. क्रुटिला यांचा दुसरा मुद्दा अधिक मार्मिक आहे. विजेला पर्याय असतात, आणि तंत्रज्ञान जसजसे सुधारते तसतशी वीज निर्माण करण्याच्या नव्या वाटा सापडतात. तंत्रज्ञानाला दरी मात्र निर्माण करता येत नाही. म्हणजे काळ जाईल तसे विजेचे सापेक्ष मोल उतरत जाणार आणि अस्पर्श दरीचे चढत जाणार. भविष्यातील लाभांना वटाव लावून आजच्या तराजूत तोलणारा हिशेबनीस हा चढ विसरला, तर त्याचे उत्तर चुकणारच. शिवाय धरण आज न बांधता दहा वर्षांनी बांधता येते. बुडविलेले सरोवर दहा वर्षांनी परत आणता येत नाही. हा युक्तिवाद कॅनबेरातील राष्ट्रीय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८० साली प्रत्यक्ष टास्मानियाच्या पुढच्या धरणाला लावून पाहिला.

ते पुढचे धरण फ्रँकलिन नदीचे. १९७९ साली आयोगाने, गॉर्डन नदीवर फ्रँकलिनच्या संगमाखाली धरण घालून १८० मेगावॅट वीज निर्माण करण्याचा प्रस्ताव मांडला. राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वाचार लाख. डिसेंबर १९८१ मध्ये सार्वमत घेण्यात आले, पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच: हे धरण की ते धरण. धरणच नको, हा पर्याय देण्याचे सरकारने टाळले. तेव्हा सुमारे एकतृतीयांश मतदारांनी 'धरण नको' हे शब्द मतपत्रिकेवर स्वहस्ते लिहून दिले. लोकशाहीतील कोरी जागा भरून काढण्याचे इतके सुबोध उदाहरण विरळा. १९८२ मध्ये सत्तेवर आलेल्या रॉबिन ग्रे यांनी नदीची संभावना जळवांनी भरलेला तपकिरी ओहोळ अशा शब्दांत केली आणि काम पुढे रेटले. १४ डिसेंबर १९८२ रोजी हा प्रदेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. त्याच दिवशी नदीवर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढील काही आठवड्यांत बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली.

याच सुमारास डोंब्रोवस्किस यांचे एक चित्र पुढे आले. मोठ्या आकाराच्या फिल्मवर चित्र घेणारा अवजड लिनहॉफ कॅमेरा तिकाटण्यावर उभा करून त्यांनी नदीच्या 'रॉक आयलंड बेंड' नामक वळणावरची पहाट टिपली होती. मध्यभागी खडकाचे बेट, भोवती दुधासारखा झालेला प्रवाह, वर दरीतून चढणारे धुके. १९८३ च्या मार्च महिन्यातील निवडणुकीपूर्वी सिडनी आणि मेलबर्नच्या वृत्तपत्रांत ते पूर्ण पान रंगीत छापून आले. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल काय, अशा अर्थाचा एकच प्रश्न त्यासोबत होता. ५ मार्च रोजी बॉब हॉक यांचा मजूर पक्ष विजयी झाला, संघराज्याच्या संसदेने धरणाविरुद्ध कायदा केला आणि १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने तो वैध ठरविला. नदी वाचली.

एका छायाचित्राने निवडणूक जिंकली, असे म्हणण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. बेकारी, महागाई आणि आधीच्या सरकारविषयीचा कंटाळा यांचा वाटा निश्चितच मोठा होता. परंतु एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. खुद्द टास्मानियात मजूर पक्षाला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. नदीसाठी जी काही मते पडली, ती मुख्यतः शेकडो मैलांवरच्या, ती नदी कधीही न पाहिलेल्या आणि बहुधा कधीही न पाहणाऱ्या नागरिकांची होती. त्यांनी पाहिले होते ते फक्त चित्र. पुढे केंद्र सरकारने टास्मानियाला पर्यायी योजनांसाठी सुमारे सत्तावीस कोटी डॉलरांची भरपाई दिली. देशाची तेव्हाची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास, म्हणजे दरडोई सतरा-अठरा डॉलर. क्रुटिला यांचे अस्तित्वमूल्य निबंधाच्या पानावरून उतरून करदात्याच्या वहीत नोंदले गेले, ते असे. जेथे आकडा नव्हता तेथे तो पडला.

तरीही ज्या खाणगावांतील कामगार धरणाच्या रोजगाराकडे डोळे लावून बसले होते, त्यांचा रोष समजून घ्यावयास हवा. सौंदर्याचे समाधान देशभर वाटले गेले, बुडालेला रोजगार मात्र एका कोपऱ्यात साचला. भरपाईचे औचित्य येथेच आहे. जो समाज दूरच्या अरण्यावर हक्क सांगतो, त्याने तेथल्या माणसाच्या ताटाचाही हिशेब दिला पाहिजे. विजेच्या मागणीचे आयोगाचे अंदाज पुढे फुगविलेले निघाले, ही गोष्ट खरी. पण १९८३ साली बेकार असलेल्या मजुराला त्याचा उपयोग नव्हता.

नेमक्या त्याच वर्षी भारतातही असाच निकाल लागला. केरळातील कुंतीपुळा नदीवरील सायलेंट व्हॅलीचा १२० मेगावॅटचा प्रकल्प १९८३ मध्ये सोडून देण्यात आला आणि पुढल्या वर्षी तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तेथे चित्रापेक्षा शब्दाने अधिक काम केले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद आणि शास्त्र साहित्य परिषदेतील त्यांचे सहकारी यांनी प्रकल्पाचा तांत्रिक व आर्थिक हिशेबच नव्याने मांडला. त्या गटात एक अर्थशास्त्रज्ञही होते. सुगतकुमारींसारख्या कवींनी साथ दिली. रंगीत पूर्ण पानाचा खर्च न झेपणाऱ्या देशात शिक्षकांची पत्रके हेच साधन होते, आणि ते पुरले.

छायाचित्राची बाजू अशी उजळ असली, तरी तिला एक सावली आहे. डोंब्रोवस्किस यांच्या चित्रांत माणूस दिसत नाही. पण त्याच फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना गुहेत १९८१ साली झालेल्या उत्खननात वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगातील मानवी वस्तीचा पुरावा मिळाला. ज्याला आपण निर्जन म्हणतो, ते पुष्कळदा निर्जन केलेले असते. कॅमेऱ्याची चौकट जे वगळते, त्याची आठवण अशी मातीतून काढावी लागते.

दुसरी सावली अधिक व्यावहारिक आहे. चित्र हे आमंत्रणही असते. दलदलीतून हजारो बूट गेले की वाट चिखलाची चर होते. तंबूपुढची हौसेची शेकोटी जमिनीखालच्या वाळल्या वनस्पतींच्या थरात शिरून धुमसत राहते. बुटाला चिकटलेल्या मातीतून झाडांची मुळे कुजविणारा रोग निरोगी रानात पोचतो. त्रुखानस यांच्या काळी या गोष्टींचा बोजा नगण्य होता, कारण जाणारेच मोजके होते. आता टास्मानियातील मोठ्या भूभागात शेकोटीला बंदी असून केवळ स्टोव्ह वापरावा लागतो, बूट धुण्याच्या जागा केलेल्या आहेत, दलदलीवर फळ्यांच्या वाटा बांधल्या आहेत, आणि 'ओव्हरलँड ट्रॅक' या प्रसिद्ध पायवाटेवर २००५ सालापासून हंगामात आगाऊ नोंदणी आणि शुल्क भरावे लागते. आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठाराची कथा वेगळी नाही. फुलांची चित्रे गावोगाव पोचली, २०१२ साली पठार जागतिक वारशात गेले, आणि मग गर्दीच्या पायांखाली तीच फुले येऊ लागल्यावर कुंपण, शुल्क आणि रोजच्या संख्येची मर्यादा आणावी लागली.

मर्यादा हवीच; वाद आहे तो ती कोणत्या मार्गाने घालावी याचा. शुल्क चढे ठेवून गर्दी हटविणे हा बाजाराचा सोपा मार्ग होय. पण त्या मार्गाने प्रथम गळतो तो विद्यार्थी, शिक्षक आणि कारकून. उंची निवास आणि हेलिकॉप्टर परवडणारा पाहुणा राहतो. असा नियम असता तर लिथुआनियातून आलेल्या त्या पगारदार निर्वासिताला पेडरच्या किनाऱ्यावर तंबू ठोकता आला नसता, आणि टाउन हॉलमध्ये दाखवावयास स्लाइडही उरल्या नसत्या. शुल्क नाममात्र, संख्या मात्र कडक, आणि वाटप नोंदणीच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून, हाच न्याय्य मार्ग दिसतो. छायाचित्रकारांनीही नाजूक स्थळाचा नेमका पत्ता छापण्याचा हव्यास सोडण्यास हरकत नसावी. रॉक आयलंड बेंडला आजही मोटारीचा रस्ता नाही. तेथे पोचावयाचे तर रबरी तराफ्यातून नदीवर कित्येक दिवस काढावे लागतात.

पेडरचे काय झाले, हा प्रश्न राहतोच. १९९० नंतर जलाशयात पाणबुडे उतरले, तेव्हा त्यांना जुना किनारा आणि त्यामागच्या वाळूच्या टेकड्या जवळजवळ जशाच्या तशा आढळल्या. वर साचला होता तो गाळाचा केवळ पातळ थर. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने चौकशी करून, सरोवर रिते करून पूर्ववत करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असा निष्कर्ष काढला. खर्च मात्र तिला परवडणारा वाटला नाही. मागणी अद्याप मिटलेली नाही. तो किनारा पुन्हा कधी उघडा पडलाच, तर तो पूर्वी कसा दिसत होता हे ताडून पाहण्यासाठी वणव्यानंतर पुन्हा घेतलेल्या त्या स्लाइड उपलब्ध आहेत.