पान की पाखरू?

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात कोयना खोऱ्यातल्या एका कारवीच्या रानातून चाललो होतो. पायांपुढून एक मोठं निळं फुलपाखरू उडालं आणि चार पावलांवरच्या झुडपात शिरलं. जाऊन पाहतो, तर तिथे नुसती वाळकी पानं! बराच वेळ शोधलं. शेवटी कंटाळून फांदी हलवली, तेव्हा त्यातलंच एक 'पान' उडून गेलं.

हे ओकलीफ फुलपाखरू. पंख उघडले की निळं, मिटले की तपकिरी. मिटलेल्या पंखांवर पानाच्या मधल्या शिरेसारखी एक गडद रेघ, बुरशी धरल्यासारखे ठिपके आणि मागच्या पंखाची शेपटी म्हणजे जणू देठच. शिवाय सगळी फुलपाखरं एका छापाची नसतात. वाळकी पानं तरी कुठे एकसारखी असतात?

याच्याच सुमात्रातल्या भाऊबंदांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञालाही असंच चकवलं होतं. १८६९च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं ते लिहून ठेवलं आहे.

हे सोंग कुणी ठरवून घेतलेलं नाही. जी फुलपाखरं थोडी अधिक उठून दिसली, ती पक्ष्यांनी टिपली. जी पानांत मिसळली, त्यांची पिल्लावळ वाढली. असं पिढ्यान् पिढ्या चाललं. जपानी संशोधकांनी २०१४मध्ये या कुळातल्या फुलपाखरांचे पंख ताडून पाहिले, तेव्हा हा बदल टप्प्याटप्प्यानं झाल्याचं दिसलं. ही युक्ती जुनीही आहे. जर्मनीत सापडलेला पर्णकीटकाचा एक जीवाश्म तब्बल ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

पण नुसतं रूप पुरत नाही, वागणंही तसंच लागतं. पर्णकीटक चालताना वाऱ्यावरच्या पानासारखा झुलतो. ओकलीफ पंख मिटून निश्चल बसतं. पाठलाग करणारा पक्षी निळा रंग शोधत राहतो आणि तो रंग तर गडप झालेला असतो! फुलांवरही ते सहसा जात नाही; पिकून सडलेली फळं आणि झाडाचा पाझर यांवर त्याचं भागतं. अळी वाढते ती कारवीसारख्या झुडपांवर.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्याच जागी गेलो. नवं गवत चांगलं यावं म्हणून कुणीतरी उतार पेटवला होता. पाचोळा जळून गेला होता, कारवी होरपळली होती. त्या काळ्या जमिनीवर वाळक्या पानाचं सोंग घेऊन बसणारं पाखरू लांबूनही दिसलं असतं. मी तासभर थांबलो. एकही दिसलं नाही.