संगणकीय टपाल उतरवून घेताना

संगणकीय टपाल प्रथम सर्व्हरवरील पेटीत साठते. तेथून ते उतरवून घेण्याचे काम आज्ञावलीकडे असते. यासाठीची ‘पॉप-३’ ही साधी पद्धत १९९६ च्या मानकानुसार चालते. नाव व परवलीचा शब्द दिल्यानंतर ‘रिट्र’ या आज्ञेने एकेक पत्र मागविले जाते आणि ‘डिली’ने ते काढण्यास सांगितले जाते. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘डिली’ म्हणताच पत्र नष्ट होत नाही, त्यावर केवळ खूण होते. ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतल्यावरच सर्व्हर ते काढून टाकतो. मध्येच संपर्क तुटल्यास सारी पत्रे जागच्या जागी राहतात. म्हणून पत्र डिस्कवर सुरक्षित लिहिले गेल्याची खात्री होण्यापूर्वीच ‘क्विट’ पाठविणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय. एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज त्यात कायमचा हरवू शकतो. तीच पत्रे दुबार येऊ नयेत म्हणून ‘यूआयडीएल’ ही आज्ञा प्रत्येक पत्राची स्वतंत्र ओळख देते. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीतील क्रमांकच म्हणा ना! मात्र प्रत्येक सर्व्हरवर तिची सोय असतेच असे नाही.

एकाच पेटीवर अनेकांचे काम चालत असल्यास मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली रचलेली ‘आयमॅप’ पद्धत अधिक सोयीची. तीत पत्रे सर्व्हरवरच राहतात व सर्वांना दिसतात.